सहा वर्षं 'इर्सा' वापरल्यावर

जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे आठ इंची आरशाची एक दुर्बीण आहे, प्रयोगशाळेत बारा संगणक आहेत, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी एक प्रकल्प करावा लागतो. २०१९ पासून त्यातले निम्मे प्रकल्प मी 'इर्सा'वर करून घेते. ही सेवा कशी आहे, कुणाच्या उपयोगाची आहे आणि कुठे जपून पावलं टाकायची, हे दरवर्षी नव्या मुलांना तोंडी सांगते. यंदा ते लिहूनच काढलं.

इर्सा म्हणजे नासाचं अवरक्त खगोलविज्ञानाचं दफ्तर. अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. ते कॅलिफोर्नियात पासाडेनाला, कॅलटेकच्या 'आयपॅक' या केंद्रात आहे. दफ्तर हा शब्द मी मुद्दाम वापरते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले कागद जसे कुणीतरी पिढ्यानपिढ्या जपले, तशी इथे १९८३ पासूनची अवरक्त आकाशाची मोजमापं जपलेली आहेत. त्या वर्षी 'आयरास' नावाचा उपग्रह सोडला होता. त्याला थंड ठेवणारं द्रव हेलियम दहा महिन्यांत संपलं, पण तेवढ्यात त्याने ९६ टक्के आकाश पाहून घेतलं. आयपॅक उभं राहिलं ते त्या नोंदी सांभाळायला. पुढे जमिनीवरच्या दोन दुर्बिणींनी केलेलं 'टू मास' सर्वेक्षण आलं, मग 'स्पिट्झर', जपानची 'अकारी' आणि 'वाइज' या अवकाशातल्या दुर्बिणी आल्या. सगळं इथेच जमा होत गेलं.

पैसे पडत नाहीत. नाव नोंदवावं लागत नाही, संस्थेचं पत्र लागत नाही, तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. मोठ्या विद्यापीठातल्या संशोधकाला जी ओळ मिळते तीच माझ्या विद्यार्थिनीला मिळते, तेवढ्याच दशांश स्थळांपर्यंत. आमच्यासारख्या कॉलेजात या गोष्टीचं मोल फार मोठं आहे.

पहिल्या तासाला मी एकच काम देते. 'फाइंडर चार्ट' हे पान उघडायचं, नावाच्या रकान्यात 'थ्री सी २७३' टाकायचं आणि शोधाचं बटण दाबायचं. थोड्या वेळात पडद्यावर चौकोनी चित्रांच्या ओळी लागतात. वरची चित्रं जुन्या छायाचित्रण काचांवरून घेतलेली आहेत. त्यात कन्या राशीतला एक तेराव्या प्रतीच्या आसपासचा ठिपका दिसतो, शेजारच्या ताऱ्यांसारखाच. (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी.) खाली टू मासची चित्रं, त्याखाली वाइजची चार : ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, प्रकाशाची तरंगलांबी यात मोजतात.) मुलांना मी सांगते, काही बोलू नका, फक्त डावीकडून उजवीकडे बघत जा. शेजारचे तारे एकेक करून फिके पडतात. २२ मायक्रॉनच्या चित्रात आजूबाजूला जवळजवळ काहीच उरत नाही, आणि मधला ठिपका मात्र ठणठणीत जळत असतो. मग विचारते, "हा तारा आहे का?" वर्गात एकदम शांतता पसरते. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी याच ठिपक्याचा वर्णपट वाचला आणि तो २०० कोटी प्रकाशवर्षांहून लांब असल्याचं निघालं. तो क्वेसार आहे, म्हणजे एका दीर्घिकेच्या मध्यावर बसलेलं आणि भोवतालचं द्रव्य गिळणारं प्रचंड कृष्णविवर. हे पुस्तकात सगळेच वाचतात. पण शेजारचे तारे डोळ्यांदेखत विझताना आणि हा एकटा उरताना पाहिला, की पुढचे सहा महिने मुलं स्वतःहून प्रयोगशाळेत येऊन बसतात.

हे असं का होतं, ते थोडक्यात सांगते. साधा तारा तापलेला असतो, त्याचा बहुतेक प्रकाश दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात संपतो. पुढे तो उतरतच जातो. कृष्णविवराभोवती धुळीचं जाड कडं असतं, मेदूवड्यासारखं. मधल्या झगमगाटाने ही धूळ तापते. अगदी आतली हजार-दीड हजार अंशांपर्यंत जाते, त्याहून तापली तर धूळ म्हणून टिकतच नाही. ही तापलेली धूळ नेमकी ३ ते २० मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रकाशते. कडं आपल्या बाजूला आडवं असेल तर आतला झगमगाट दृश्य प्रकाशात दिसत नाही, धूळ तो अडवते. पण अडवलेली ऊर्जा अवरक्तात बाहेर येतेच. म्हणून अशी लपलेली सक्रिय केंद्रं, म्हणजे द्रव्य गिळणारी कृष्णविवरं असलेली दीर्घिकांची केंद्रं, शोधायची तर अवरक्तात शोधायची, आणि तीही अवकाशातून. जमिनीवर आपली हवा आणि दुर्बीण दोन्ही याच पट्ट्यात उजळत असतात. भर उन्हात काजवा शोधण्यासारखं होतं ते.

आमचं बहुतेक काम वाइजवर चालतं. तिचा आरसा ४० सेंटिमीटरचा, घरातल्या मोठ्या परातीएवढा. १४ डिसेंबर २००९ ला ती वर गेली. घन हायड्रोजनने थंड ठेवलेली होती, तो २०१० मध्येच संपला. तरी आखूड तरंगलांबीचे पहिले दोन पट्टे, ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचे, चालू राहिले. सगळं एकत्र करून २०१३ साली 'ऑलवाइज' यादी निघाली. तिच्यात ७४ कोटींहून जास्त नोंदी आहेत.

या ७४ कोटींतून हवं ते काढायला 'गेटर' नावाचं साधन आहे. दिसायला जुनं, करड्या चौकटींचं. मला ते फार आवडतं. यादी निवडा, आकाशातली जागा सांगा, किती मोठा तुकडा हवा ते सांगा, आणि खालच्या लांब तक्त्यात कुठले स्तंभ हवेत त्यांवर खुणा करा. अटी स्वतः लिहिता येतात. भलामोठा प्रश्न विचारला तर काम त्यांच्या संगणकावर पार्श्वभूमीत चालू राहतं आणि झालं की ईमेल येते. आमच्याकडे दुपारी वीज गेली तरी तिकडचं काम थांबत नाही. मुलं घरी जातात आणि सकाळी तक्ता तयार असतो.

एक जपण्याची गोष्ट. आयपॅकचा स्वतःचा तक्त्याचा जो साचा आहे तो फार काटेकोर आहे. वर उभ्या रेघांमध्ये स्तंभांची नावं, आणि प्रत्येक आकडा आपापल्या रेघांच्या आतच हवा. एक अक्षर जरी सरकलं तरी पुढचा सगळा तक्ता बिघडतो. स्वतःची यादी चढवायची असेल तर तक्ता साध्या स्वल्पविरामाच्या फाइलीत ठेवा आणि 'इर्सा व्ह्यूअर'मध्ये उघडा. तो ती बिनतक्रार घेतो.

आता प्रकल्पाचं सांगते. षडंश तारकासमूहात 'कॉसमॉस' नावाचं दोन चौरस अंशांचं क्षेत्र आहे, म्हणजे साधारण दहा पूर्णचंद्र मावतील एवढं. हबलपासून स्पिट्झरपर्यंत सगळ्यांनी ते खोदून काढलंय. २०१२ मध्ये डॅनियल स्टर्न आणि सहकाऱ्यांनी तिथे एक सोपी कसोटी तपासली. वाइजच्या पहिल्या पट्ट्यातल्या प्रतीतून दुसऱ्या पट्ट्यातली प्रत वजा करा. या वजाबाकीलाच रंग म्हणतात; उत्तर जितकं मोठं तितकी वस्तू लाल. उत्तर ०.८ किंवा जास्त आलं, आणि दुसऱ्या पट्ट्यात ती वस्तू १५.०५ प्रतीपेक्षा तेजस्वी असली, तर ते बहुधा सक्रिय केंद्र. अशी चौरस अंशाला साधारण ६२ मिळतात, आणि त्यांतली ९५ टक्के खरी निघतात. ताऱ्यांसाठी ही वजाबाकी शून्याच्या जवळ येते, आसपासच्या साध्या दीर्घिकांसाठी थोडी जास्त. एका वजाबाकीत एवढं काम होतं हे मला आजही विलक्षण वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने हीच मोजणी पुन्हा करायचं ठरवलं. घरी टोमॅटोची शेती. तोडणीच्या दिवसांत पहाटे क्रेट भरून मग कॉलेजला यायची. तिला रंगाने निवड करणं शिकवावं लागलं नाही. "मॅडम, ही प्रतवारीच आहे की," म्हणाली. पहिल्या तक्त्यात तिच्याकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त ओळी आल्या. दोघी एक एक ओळ वाचत बसलो. चूक सापडली : १५.०५ ची अट लिहायचीच राहिली होती. फिक्या वस्तूंची मोजणी अंदाजाची असते. दोन डळमळीत आकड्यांची वजाबाकी केली की रंग नुसत्या गोंधळाने लाल दिसतो. शिवाय खूप दूरच्या साध्या दीर्घिकाही ताम्रसृतीमुळे, म्हणजे विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची तरंगलांबी ताणली गेल्यामुळे, या पट्ट्यांत लाल होतात, आणि त्या फिक्याच असतात. ती अट दोन्ही गर्दी एकदम बाहेर ठेवते. अट घातली, ओळी गळल्या, आणि आकडा साठीच्या आसपास येऊन बसला. त्या दिवशी ती शेवटची एसटी चुकवून थांबली होती, तिच्या वडिलांना मी स्वतः फोन केला.

तरी काही ओळी तिला खटकत होत्या. तेव्हा मी तिला इर्साची जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती दाखवली. प्रत्येक नोंदीबरोबर तिच्याबद्दलची शंकाही छापलेली असते. 'सीसी फ्लॅग्ज' नावाचा चार अक्षरांचा स्तंभ आहे, एका पट्ट्याला एक अक्षर. शून्य म्हणजे स्वच्छ. डी म्हणजे शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचा किरणकाटा, दुर्बिणीमुळे त्याच्याभोवती उमटणारी रेघ. एच म्हणजे त्याच्याभोवतीचं वलय. पी म्हणजे आधी पाहिलेल्या तेजस्वी वस्तूचा संवेदकावर रेंगाळलेला ठसा. ओ म्हणजे आतल्या परावर्तनाने पडलेलं भूत. अक्षर मोठ्या लिपीत असेल तर ही वस्तू बहुधा नाहीच, लहान लिपीत असेल तर वस्तू खरी पण मोजमाप मळलेलं. दुसरा स्तंभ मोजणीचा दर्जा सांगतो : ए सगळ्यात चांगला, यू असेल तर ती मोजणी नव्हे, नुसती वरची मर्यादा आहे. पेशवे दफ्तरातला रुमाल सोडला तरी मोडी आल्याशिवाय कागद बोलत नाही. ही अक्षरं म्हणजे इथली मोडी. ती न शिकता आकडे उचलणाऱ्याला हे दफ्तर हमखास फसवेल, आणि शिकलेल्यापासून काहीही लपवणार नाही.

हे सगळं इंग्रजीत आहे, आणि खुलासे लांबलचक आहेत. मी त्यातल्या चाळीस स्तंभांचा दोन पानी मराठी तक्ता करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आहे. शिक्षकांनी तेवढं आधी करावं. मुलं इंग्रजीला बिचकून मागे फिरली असं मग होत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या टोमॅटोवाल्या विद्यार्थिनीला विचारलं, "यादीतलं हे अमुक केंद्र तुम्ही का गाळलं?" तिने व्ह्यूअर उघडला. त्यात तक्ता, चित्र आणि आलेख शेजारीशेजारी असतात. तक्त्यातल्या ओळीवर टिचकी मारली की चित्रातला तोच गोल उजळतो आणि आलेखातला तोच बिंदूही. तिने ओळ दाबली. गोल एका ठळक ताऱ्याच्या काट्यावर बरोबर बसलेला होता. "सर, ही वस्तू नाही, ताऱ्याचा काटा आहे. इथे डी लिहिलंय." परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुढची वीस मिनिटं तिच्याकडून एकेक गोल दाबून घेतला.

मर्यादांचंही बोलते. वाइजची नजर पहिल्या तीन पट्ट्यांत सहा-साडेसहा विकलांची, चौथ्यात बारा. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग; याहून जवळच्या दोन गोष्टी तिला वेगळ्या दिसत नाहीत. ताम्रसृती १ असलेल्या दीर्घिकेच्या अंतरावर सहा विकला म्हणजे जवळपास दीड लाख प्रकाशवर्षं. आपली अख्खी आकाशगंगा त्या एका ठिपक्यात मावेल. म्हणजे केंद्र आणि भोवतालची दीर्घिका यांचा प्रकाश इथे कधीच सुटा होत नाही. कृष्णविवर मंद आणि दीर्घिका तेजस्वी असली, की ताऱ्यांचा प्रकाश धुळीच्या प्रकाशाला बुडवतो आणि कसोटीला काहीच लागत नाही. ही वजाबाकीची चाळणी सगळी सक्रिय केंद्रं पकडते असं कुणी सांगितलं तर मानू नका.

हे आम्हाला शेजारच्या खोडद गावच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे कळलं. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आमच्या परिसरात आहेत, मुलं त्या बघतच वाढतात आणि २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला गर्दी करतात. याच तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. एका गटाने तिच्यातला एक तुकडा उतरवून घेतला, इर्सा व्ह्यूअरमध्ये वाइजच्या चित्रावर चढवला. खोडदने ऐकलेले स्रोत गोल होऊन चित्रावर बसले. मुलांना वाटलं होतं, प्रत्येक गोलात एक लाल ठिपका असेल. बऱ्याच गोलांत साध्या रंगाची म्हातारी लंबवर्तुळी दीर्घिका निघाली, काही गोलांत काहीच नाही. मुलं हिरमुसली. मी मात्र फार खूश होते, कारण हे खरं आहे. काही कृष्णविवरं सावकाश खातात, त्यांच्याभोवती तापलेल्या धुळीचं कडं जवळजवळ नसतंच, आणि तरी ती लाखो प्रकाशवर्षं लांबीचे रेडिओ झोत फेकतात. अवरक्त एक जात दाखवतं, रेडिओ दुसरी, आणि दोन्ही याद्यांत असणारी थोडीच. पाठ्यपुस्तकात दोन ओळीत येणारी गोष्ट मुलांनी स्वतःच्या गावच्या तबकड्या आणि पासाडेनाचं चित्र एकावर एक ठेवून शोधली.

उलट टोकाची उदाहरणंही याच यादीत आहेत. 'वाइज जे२२४६-०५२६' ही दीर्घिका पहिल्या दोन पट्ट्यांत जवळजवळ दिसतच नाही आणि १२ व २२ मायक्रॉनला उठून दिसते. तिचा प्रकाश सुमारे १,२५० कोटी वर्षं प्रवास करून आला आहे. २०१५ साली तिचं तेज ३०० लाख कोटी सूर्यांहून जास्त निघालं, तेव्हा माहीत असलेल्या दीर्घिकांत सर्वात जास्त. आरसा आपल्या परातीएवढा, हे इथे पुन्हा आठवावं.

शेवटचा भाग वेळेचा आहे, आणि गेल्या वर्षापासून मी त्याच्याच मागे आहे. वाइजला २०१३ च्या डिसेंबरात लघुग्रह शोधण्यासाठी पुन्हा जागं केलं, 'निओवाइज' म्हणून. तेव्हापासून आकाशाचा प्रत्येक तुकडा दर सहा महिन्यांनी तिच्या नजरेखालून गेला. लघुग्रहांसाठी काढलेल्या चित्रांत दीर्घिका आपोआप येत राहिल्या. अशा सुमारे २०,००० कोटी मोजण्या इर्सावर आहेत, आणि एखाद्या वस्तूच्या तेवढ्याच मागवून तेजाचा आलेख काढता येतो. आमच्या एका मुलाने 'मार्केरियन १०१८' निवडली. ही तिमिंगल तारकासमूहातली दीर्घिका. तिच्या केंद्राने १९८० च्या दशकात रूप बदललं होतं, आणि ते पुन्हा जुन्या रूपात गेल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. आधी त्याने सगळे बिंदू तसेच मांडले, नुसता झुबका झाला. मग प्रत्येक सहामाहीतल्या डझनभर मोजण्यांची सरासरी घेतली, मळलेल्या ओळी काढल्या, आणि खाली उतरत गेलेली रेघ स्पष्ट झाली. कृष्णविवराचं खाणं कमी झालं, आणि धूळ निवत चालली. त्याने ते संगणकावर काढलं, पण मी त्याला आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनेही काढायला लावलं.

निओवाइजचं काम ३१ जुलै २०२४ ला थांबलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वातावरणात शिरून नष्ट झाली. पण मार्च २०२५ मध्ये 'स्फिअरएक्स' वर गेली आहे. ती सगळं आकाश ०.७५ ते ५ मायक्रॉनपर्यंत १०२ रंगांत मोजते, म्हणजे वाइजचे ते दोन्ही आखूड पट्टे जवळजवळ पूर्ण तिच्यात येतात. तिची मोजमापं ६० दिवसांच्या आत इर्सावर खुली होतात, तीही फुकट. तिचे साचे वेगळे आहेत आणि तिची प्रत वाइजच्या प्रतीशी जुळवून घ्यायला मेहनत लागणार आहे, ती यंदाच्या तुकडीने करायची असं ठरलंय. मार्केरियन १०१८ चा तो कागद प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. २०२४ च्या बिंदूनंतर उजवीकडे त्याने बोटभर जागा कोरी सोडली आहे आणि अक्षावर वर्षं २०२७ पर्यंत लिहून ठेवली आहेत.